पाठीवरची चेन

शुक्रवार, ९ मे. ओबानहून मल बेटाकडे, फेरीबोटीवर.

आमच्या डायव्हिंग क्लबच्या रविवारच्या सभेतल्या भाषणाचा मसुदा. “क्लबच्या सामान्य सभासदांनो, दर सहलीला पहिल्या तुकडीत पाण्यात कोण उतरतं? कमिटी. काचेसारखं पाणी कुणाला? कमिटीला. आणि मागून उतरणाऱ्या आपल्या वाट्याला काय? त्यांच्या पायांनी ढवळलेला गाळ.” इथे थांबायचं. टाळ्या येतील.

रविवारी क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याची निवड. एल्सपेथ कित्येक वर्षं त्या खुर्चीला चिकटून आहे. यंदा मी उभा राहणार. तिला अजून कळू दिलेलं नाही.

दुपारी ३. कळलेलं दिसतंय. कँटीनमध्ये एल्सपेथ आणि तिचा लाडका इनिस डोकी जोडून बोलत होते. मी चहा घेऊन पोचताच गप्प. विचारलं, तर एल्सपेथ म्हणाली, “काही नाही रे डगल, हवामानाचं बोलत होतो.” खोटं. आमच्याकडे हवामानाबद्दल कुणी कुजबुजत नाही, मोठ्याने शिव्या देतात.

निश्चय: डोळे उघडे, तोंड बंद.

संध्याकाळी ७. तोंडाचा निश्चय उद्यापासून. जेवताना लोकशाहीवर थोडं बोललो. अजून उजेड होता, तरी सगळे झोपायला निघून गेले. एल्सपेथने आधीच पढवून ठेवलेले असणार.

शनिवार, १० मे. सकाळी ८.

जोड्या जाहीर. माझा जोडीदार इनिस. म्हणजे हेर. माझं नाव ऐकून तो पॉरिजच्या वाडग्यात बघत राहिला. मनात पाप. मी म्हटलं, माझ्याबरोबर उतरायचं नसेल तर उघड सांग. तो म्हणाला, “छे रे, पाण्यात तू मला फार आवडतोस. तिथे तुझ्या तोंडात नळी असते.” स्तुतीने मी फितणारा नाही.

निश्चय: माझ्या सामानाला कुणी हात लावायचा नाही.

१०.३०, लाँचवर. उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचं सगळं तपासायचं असा रिवाज. नळ्या, पट्टे आणि ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या पोशाखाची, चेन. ही चेन पाठीवर असते, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. आपली आपल्याला लावता येत नाही. ज्याने हा सूट शोधून काढला त्याचा मनुष्यजातीवर फारच विश्वास असावा.

एल्सपेथ समोर आली आणि म्हणाली, “डगल, पाठ फिरव.” सरळ तोंडावर. पाठ फिरवल्यावर काय होतं ते मी सीझरच्या काळापासून वाचत आलो आहे. आमच्या कामगार युनियनमध्ये तर दर आठवड्याला पाहिलंही आहे. मी सर्वांदेखत जाहीर केलं की माझं सामान मी स्वतः तपासतो, आणि जो हात लावेल त्याची लेखी तक्रार करीन. इनिस म्हणाला, “निदान चेन तरी बघू दे रे बाबा.” नेमकी चेनच का? संशय पक्का.

चेनच्या टोकाला दोरी बांधली, दोरी केबिनच्या कडीला अडकवली आणि चालू लागलो. खर्रकन आवाज आला. बंद. स्वावलंबन हीच खरी सुरक्षा. भाषणात घालणे.

दुपारी १. घातपात.

उडी मारली आणि सगळा अटलांटिक पाठीतून आत शिरला. पाठीतून कमरेत, कमरेतून पायांत. दोन्ही पायांचे हत्तीपाय झाले. जे बघायला आम्ही आलो होतो ते बुडालेलं जहाज खाली तसंच राहिलं. ते बघायची वर्षभर वाट पाहणारा इनिस मला ओढत शिडीपर्यंत घेऊन आला. एक शब्द तक्रार नाही. चांगलाच मुरलेला आहे.

लाँचचा कप्तान टॉर्किल याने मला डेकवर झोपवून पाय बाकावर ठेवले. पाणी पाठीतून धो धो वाहिलं. तो म्हणाला, “समुद्र खाली होता तो बरा होता, बाबा. वर कशाला आणलास?” सगळे हसले. कोण कोण, ते लक्षात ठेवलं आहे.

संध्याकाळी ५. सूट तपासला. चेन शाबूत, पण वीतभर उघडी. तिच्या जवळपास माझ्याशिवाय कुणीच फिरकलं नव्हतं, हे मात्र विचित्र आहे.

एल्सपेथने तिचा लोकरी स्वेटर पाठवला. उलटासुलटा करून पाहिला, मग घातला. काही लपवलेलं नाही. नुसती ऊब. तीही संशयास्पद.

रविवार, ११ मे. परतीच्या फेरीबोटीवर.

सकाळी न्याहारीनंतर सभा. मी उठलो. गाळापर्यंत आलो, थांबलो. टाळ्या आल्या. स्वावलंबनाचा मुद्दा गाळला.

मग एल्सपेथ उठली. म्हणाली, “मी तर सोडतेच आहे. शुक्रवारी फेरीबोटीवर मी इनिसला तेच सांगत होते, की आपण डगलचं नाव सुचवू. हा बाबा कुणावर विश्वास ठेवत नाही, प्रत्येकाची चेन दोन-दोनदा बघेल.” एवढं बोलून ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. “पण कालचं तुम्ही पाहिलंत.”

माझं नाव कुणी सुचवलं नाही, मीही नाही. इनिस बिनविरोध. मी हात वर केला होता, त्याच्याच नावाला.

नव्या अधिकाऱ्याचा पहिला हुकूम: आजपासून पहिली तुकडी सामान्य सभासदांची, आणि तीत सर्वांत आधी डगल. मी यात डाव शोधला. लाँचच्या धक्क्यावर पोचेपर्यंत शोधत होतो.

लाँच बुडालेल्या जहाजाच्या जागी येऊन थांबली. पाणी कुणीही ढवळलेलं नव्हतं. सगळे तयार, सगळे खोळंबलेले. एल्सपेथ दुसरीकडे बघत होती. इनिस हात मागे बांधून उभा, कारण माझी तक्रारीची धमकी त्याने नीट लक्षात ठेवली होती. दोरी माझ्या पिशवीत होती. कडीही जागेवर होती.

मी समुद्राकडे तोंड केलं, सभेकडे पाठ केली आणि आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं:

“सभासदांनो, कुणीतरी एक जण पुढे या आणि माझी चेन लावा.”