वयाचा रकाना

३ मार्च
चि. सौ. बारकीस, अ. उ. आ.

आजोबा गेले. दचकू नकोस, सात नंबरच्या पिंजऱ्यातले. काल माझ्या हातून कुस्करलेली केळी खाल्ली आणि तिथेच मान टाकली. सर्कशीतून हे अस्वल आलं ते कागदांशिवाय. पण पांढरं तोंड, झिजलेले दात बघून सगळे त्याला आजोबाच म्हणू लागले. पाच वर्षं त्याचं म्हातारपण काढलं. गेल्या साली मोकळ्या वन-उद्यानाने त्याला आणि शेजारच्या पिंजऱ्यातल्या आजी अस्वलीला मागितलं, तेव्हा दोघांच्या अर्जावर मीच लिहिलं: वृद्ध, प्रवास झेपणार नाही. सुखाने गेला, हे समाधान.

सांगाडा तुझ्या संग्रहालयात येतोय. दातावरून वय कळतं म्हणे तुला. आमच्या वहीतला वयाचा रकाना रिकामा आहे. तुझी वहिनी चाळीस म्हणते, मी तीस. पैज लागली आहे. तुझ्या हातांचा तो हाडांचा वास जावईबापूंना अजून सोसतो ना?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
दादा

२१ मार्च
ती. दादास, सा. न.

हे पत्र एकटा असताना वाच. दाताचा पातळ काप भिंगाखाली धरला की वर्षाला एक अशी रेघ दिसते. अकरा दिसल्या. भिंग पुसलं, दुसरा दात कापला. अकरा. मग काही न सांगता साहेबांना मोजायला लावलं. तेही अकराच म्हणाले, आणि एवढ्या तरुणपणी कशाने गेला, असं विचारून चहाला निघून गेले.

तोंड तर या जातीचं मुळातच पांढरट असतं. दात वयाने नाही, गज चावून झिजले होते. सांधे सिमेंटच्या फरशीने खाल्ले. रानात ही जात विशी सहज ओलांडते. दादा, तो आजोबा नव्हता. आमच्या थोरलीहून दोन वर्षांनी लहान होता.

तुझ्यावर बोट ठेवत नाही. मुलांना घेऊन यायचे तेव्हा मीही त्याला आजोबाच म्हणायचे. पण आजी सर्कशीच्या त्याच गाडीतून आली होती ना? तिच्या अर्जाचं बघ.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी बारकी

२४ मार्च
चि. सौ. बारकीस, अ. उ. आ.

आधी तुझाच राग आला. दुसऱ्याच कुणाचा जबडा घेऊन बसली असशील, असं खरमरीत लिहिलं आणि फाडून टाकलं. पैज कोण जिंकलं, असं वहिनीने विचारलं, तर दोघंही हरलो, एवढंच म्हटलं. डॉक्टर त्याच्यासाठी खेळायला टायर टांगणार होते. मीच नको म्हटलं, म्हाताऱ्या जिवाला कशाला दगदग.

सोमवारी उद्यानाची गाडी माकडं न्यायला येते. आजीचा अर्ज बदलायला माझी सही पुरे. पण ती खरोखर म्हातारी असली आणि वाटेतच गेली तर? जिवंतपणी तिचा दात कुठून आणू? सही करतोय.

दादा

२ एप्रिल
चि. सौ. बारकीस, अ. उ. आ.

आजीसोबत मीही गाडीतून गेलो. उद्यानात दार उघडलं तरी ती हलेना. मला वाटलं, संपलं. मग बाहेर आली, समोरचं झाड हुंगलं आणि सरसर शेंड्यापर्यंत चढली. तिथल्या माणसांनी हसत विचारलं, आजी ती हीच का. मला हसता आलं नाही.

वहीत आजोबांच्या नावापुढे अकरा लिहिलं आहे. आमच्या पिंजऱ्यात झाड कधी नव्हतंच, बारके. त्याला चढता येत होतं का, मला माहीत नाही.

लोभ असू दे. सध्या मला तो लागेल.
दादा