रिनाचं वय

आदरणीय साळवे सर,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून सगळं खरं लिहिते.

वैनगंगेच्या पुरानंतर आपल्या मिशननं सावली गावाजवळ लहान मुलांसाठी आहार केंद्र उघडलं. मीराबाईची रिना पहिल्या दिवसापासून इथं जेवते. तिचं वजन अजून दहा किलोच आहे. मंगळवारी ती पाच वर्षांची झाली आणि यादीतून तिचं नाव गेलं. मी तुम्हाला मिशनच्या ऑफिसात तीनदा फोन केला. तुम्ही म्हणालात, "सिस्टर, नियम पाच वर्षांपर्यंतचाच आहे. आपण प्रार्थना करू."

प्रार्थना मी रोजच करते, सर.

मीराबाईला नियम सांगितला, तर ती म्हणाली, "काऊन बाई, पाच वर्साची झाली म्हनून पोरीची भूक सरली काय?"

मी रिनाचा नवा फॉर्म भरला, जन्माचं साल एकानं पुढं लिहिलं आणि म्हटलं, "उद्या घेऊन ये तिले."

रविवारी चर्चमध्ये मी आठवडाभराच्या चुकांची क्षमा मागितली. त्यात ही सांगितली नाही. पुढच्या महिन्यात इथंच जेवणारा मुखरूभाऊंचा नातू पाच वर्षांचा होतो आहे. त्यालाही मी चारचाच ठेवणार आहे.

तुमच्या केंद्रातली नर्स,
रीता