सरपंचांवर माझा नेम

३ जानेवारी
थ्रिलर कादंबरी वाचतोय. एकटा मारेकरी, एक राष्ट्राध्यक्ष, महिनोन्‌महिने प्लॅनिंग. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं राहिलं, पण मोठी माणसं असलं विसरतातच. गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्ष मरणार नाही हे आधीच कळतं, तरी पुस्तक सुटत नाही. आपण मारेकऱ्याच्या बाजूने! म्हणजे गावही माझ्या बाजूने येणार. मी उपसरपंच, निशाणा सरपंच मंदाबाई, शस्त्र अविश्वास ठराव.

६ जानेवारी
नियम पहिला: तोंड बंद. बायको शकुनलाही सांगितलं नाही. तिनेच विचारलं, मंदाबाईले पाडून राहिले म्हणे तुमी? चक्कीवर बाया बोलून राहिल्या. अफवा. दुर्लक्ष.

९ जानेवारी
वेषांतर. गॉगल, मफलर, पवनीची चहाटपरी. टपरीवाला म्हणाला, उपसरपंच साहेब, कट का फुल? गॉगल हलक्या प्रतीचा निघाला.

१२ जानेवारी
नोटिशीवर सह्या झाल्या. जागेश्वर आणि सोमाजी, दोघं मेंबर मंदाबाईंचे खास, पण वाचलंसुद्धा नाही. सोमाजी म्हणाला, लवकर टाका जी भाऊ, उशीर कायले? याला म्हणतात पर्सनॅलिटी.

१४ जानेवारी
विरोधी गटाच्या भूपेंद्रचा फोन. आताच काहून घाई करता जी? मी मेंबर फोडून राहिलो, उन्हाळ्यापर्यंत दम धरा. जळतो.

१९ जानेवारी
मतदानाआधी मेंबर पळवायची रीत आहे. जीप करून गोसीखुर्द धरणावर नेले. कोणी नाही म्हटलं नाही, स्वेटर घालून तयारच होते. मासे हाणले. वाटेत खायला मंदाबाईंनी मुरमुऱ्याचे लाडू पाठवले होते. भोळी बाई. सावज असंच असतं.

२२ जानेवारी, दुपार
सभा. तहसीलदारांनी हात वर करायला सांगितलं. माझा हात वर. दुसरा भूपेंद्रचा, पण तो त्याने कपाळावर मारून घेतला. बाकीचे हात स्वेटरच्या खिशात. ठराव पडला. तहसीलदारांनी नियम वाचला: एकदा ठराव पडला की बराच काळ नवा आणता येत नाही. भूपेंद्रचा उन्हाळाही गेला.

२२ जानेवारी, संध्याकाळ
मंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, सह्या कराले मीच पाठवलं होतं जी या दोघायले. भूपेंद्रभाऊचा ठराव आला असता तर मी पडली असती. तुमच्यानं वाचली.
सोमाजीने लगेच उपसरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. भूपेंद्र सोडून सगळ्यांनी हात वर केले.
घाईघाईत मीही.