थकलेल्या स्प्रिंगा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून जळतो. तुमच्यावर नाही, तिच्यावर. कोराडीच्या कॉलनीतली ही पोरगी डिप्लोमा करून आपल्या लकडगंजच्या गॅरेजात कामाला लागली, आणि महिनाभरात असं झालं की शर्यतीच्या गाडीचं इंजिन उघडलं की तुम्ही आधी तिच्याकडे बघायचे. मी तुमच्या पोटचा, पाना धरून बाजूला उभा.

मे महिन्यातला तो दिवस मला अजून दिसतो. एका गाडीचं इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वर गेलं की फटफट करते, दम सोडते. मी म्हणतो, पेट्रोल कमी पडून राहिलं. ती हळूच म्हणते, काका, स्प्रिंगा थकल्या, वॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, आपल्या बसायच्या कडेवर, सीटवर, आपटून उसळतात. तुम्ही जुनी आणि नवी स्प्रिंग टोकाला टोक लावून वाइसच्या जबड्यात धरता, दांडा फिरवता. दोघींवर दाब सारखाच, पण जुनी आधी दबते. तिला तुम्ही ‘बरोबर’ एवढंच म्हणालात आणि माझ्याकडे वळून मला पाऊण तास झापलं. स्प्रिंग काय, सीट काय, सारं रामायण. माझं लक्ष कुठे होतं? ती हसते का, ते मी बघत होतो.

पुढे तिनं मौद्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथं तुम्ही नवा शर्ट घालून गेले. माझ्या लग्नात जुनाच होता.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक गाडी आली, तेच दुखणं घेऊन. मी नव्या स्प्रिंगा टाकल्या, एकूणएक दाब मोजून. तरी वॉल्व्ह उसळतच राहिले. तीन दिवस डोकं खाल्लं आणि शेवटी नाक मुठीत धरून तिला बोलावलं. तिनं एकदा रेस दिली, ऐकलं, आणि वॉल्व्हच्या सीटा घासल्या होत्या का म्हणून विचारलं. घासल्या होत्या. सीट घासली की वॉल्व्ह जास्त खोल बसतो, स्प्रिंगला पसरायला जागा मिळते, आणि नवी असूनही ती ढिली पडते. मग स्प्रिंगखाली पातळ चकती टाकावी लागते. मी टाकली नव्हती.

माझ्या तोंडून निघून गेलं की बाबांनी तुला सगळं शिकवलं, मला काहीच नाही. ती चकत्या निवडत होती, मान वर केली नाही.

“मले त्यायनं कधीच काही नाई शिकवलं, दादा. रोज तुम्हालेच सांगत होते. मी बाजूले उभी राहून आयकत होती. मले वाटे, एकदा तरी मलेही झापावं.”

मग मे महिन्यातल्या त्या दिवसाचं तुमचं बोलणं तिनं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. “सीट घासली का चकती टाकत जाय बे, नाईतर नवी स्प्रिंगही म्हातारी.” ते माझ्यासाठीच होतं. मला त्यातलं अक्षर आठवत नाही.

तर बाबा, आता मी वेगळ्याच कारणानं जळतो. मला दिलेल्या तुमच्या शिव्यासुद्धा तिच्याकडे आहेत, आणि त्या मला एकेक करून तिच्याकडे मागाव्या लागणार. हे तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही, ते एका परीनं बरंच आहे. गाडीवाल्याला मी सांगितलंय की चूक मीच पकडली.