सहीचा अधिकार

३ नोव्हेंबर, सोमवार
रेसिडेंट डॉक्टरांचा नवा अभ्यासक्रम लिहायचं काम विभागप्रमुखांनी मला दिलं. बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं, त्यांचा करंटेपणा. आता नुसतं पाठांतर चालणार नाही. प्रत्येक काम हाताने करून दाखवायचं, सरांनी समोर उभं राहून बघायचं, मग सही. अख्ख्या नाशिकात नाव होणार. पंधरा दिवसांत संपवतो.

७ नोव्हेंबर
पाच पातळ्या ठरवल्या. पहिली: नुसतं बघतो. दुसरी: कुणी शेजारी उभं असेल तरच करतो. चौथी: एकट्याने करतो. पाचवी: इतरांना शिकवतो. मी अर्थात पाचवीत.
माझी तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट निकिता आली. सर, माझं एलपी बघायला कधी येता? पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढायचं, एवढंच. तिची तेवढी एकच सही राहिलीय. २८ तारखेपर्यंत मिळाली नाही तर परीक्षा हुकेल, सहा महिने वाया. म्हटलं, कसं बघायचं त्याचाच फॉर्म बनवतोय, थांब जरा.

१३ नोव्हेंबर
फॉर्म नऊ पानी झाला. निकिता पुन्हा आली होती. वेळ नाही म्हटलं.
आज एक जबरदस्त नियम सुचला. सही करणाऱ्यानेही ते काम गेल्या वर्षभरात स्वतः केलेलं असावं, तसा दाखला जोडावा. वॉर्डात पाऊल न ठेवता सह्या ठोकणाऱ्यांची आता खैर नाही. दोन-तीन चेहरे डोळ्यांसमोर आले. जाम मजा आली.

१८ नोव्हेंबर
समितीत एकमताने मंजूर, आजपासून लागू. टाळ्या.
बाहेर पडताच कार्यालयातल्या कुंदनने माझा एलपीचा दाखला मागितला. शेवटचं कधी केलं? २०१४. बाकी कामं काय कमी आहेत मला? नियम बदल म्हटलं. तो म्हणाला, आता जानेवारीच्या बैठकीतच. सूचक म्हणून तुमचंच नाव आहे सर.

२० नोव्हेंबर
युनिटमध्ये एलपी करणारी एकटी निकिता. पण तिला दाखला नाही, कारण तो मी द्यायचा. मला नाही, कारण तो तिच्याशिवाय देणार कोण? दिवसभर फ्लोचार्ट काढला. सगळे बाण फिरून माझ्याकडेच येतात.

२४ नोव्हेंबर
प्रमुखांनी तोडगा काढला. खास बाब म्हणून निकिताने माझं बघावं, मग मी तिचं. सोपं आहे. व्हिडिओ तीनदा पाहिला.

२६ नोव्हेंबर, दुपार
पेशंट मोतीराम, देवळ्याचे कांदा व्यापारी. दोनदा सुई हाडावर. घाम. तिसऱ्यांदा हात उचलला तर ते कुशीवर पडल्या पडल्या म्हणाले, साहेब, लय झालं, आता त्या ताईला करू द्या. निकिताने एका झटक्यात काढलं. नितळ थेंब. मला फार लाज वाटली.
तिला बाजूला घेऊन म्हटलं, माझी चौथी पातळी लिही, लगेच तुझी सही करतो. ती म्हणाली, सर, जे बघितलं तेच लिहायचं, असं तुमच्याच फॉर्मवर छापलंय. दुसरी लिहिली.

२८ नोव्हेंबर
निकिताचा फॉर्म गेला. भूल देणाऱ्या छाया मॅडम रोजच पाठीत सुया घालतात, त्यांचा दाखला तयार. त्यांनी उभं राहून बघितलं, पाच मिनिटांत सही. नऊपैकी एकच पान भरलं. बाकीची आठ कशाला, असं विचारत होत्या म्हणे.

१ डिसेंबर
प्रमुख खूश. नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी नोटीस बोर्डावर लागली. नाव एकच, माझं. देखरेख: डॉ. निकिता. रोज सकाळी आठला वॉर्डात, उशीर चालणार नाही.
नोटीस मिळाल्याबद्दल कुंदनने माझी सही घेतली. म्हणाला, ही चालते.