सभागृहात सांगितलेली सकाळ

आन्स काको,
१२ मार्च २००३

प्रिय लेनार्डदादा,

नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकांना काही लिहीत नाही, त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून कोण गेलं असंच तुझ्या मनात येईल. कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे, गुडघा तेवढा जिना चढू देत नाही. मागच्या अंगणातला नीरफणस यंदा इतका लागलाय की शेजारी फुकट दिला तरी घेत नाहीत. तुमच्याकडचं बर्फ ओसरलं का? ग्लोरियावहिनींची पाठ कशी आहे?

माझं काय चाललंय ते टोरांटोतल्या आपल्या लोकांकडून तुला कळत असेलच. सतरा जणांचं सभागृह, त्यात सोळा ते आणि एक मी. माझ्या बाजूचे बाक रिकामे, त्यांवर मी कागद पसरते. मी उभी राहिले की समोरून कुणीतरी म्हणतं, "विरोधी पक्ष एकमताने उभा राहिला बघा." पहिल्या वेळी मीही हसले होते. माझ्या ठरावाला अनुमोदन द्यायला दुसरा माणूस नाही, त्यामुळे ठराव मांडता येत नाही. राहतं फक्त बोलणं. म्हणून प्रत्येक विधेयकावर बोलते. शाळांच्या गळक्या छपरांवर बोलले, खडीच्या खाणीच्या धुळीवर बोलले, सुईणींच्या रिकाम्या जागांवर बोलले. ते सगळं छापील वृत्तान्तात जातं आणि तिथेच राहतं. रेडिओवर सभागृहाचं कामकाज लागलं की लोक आवाज बारीक करतात.

गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी तो मोठा केला.

अर्थसंकल्पावर चर्चा होती. आपल्या दक्षिण किनाऱ्याची गस्तीची लाँच विकायचं सरकारने ठरवलंय. मग एकच उरणार, राजधानीच्या बंदरातली, आणि तिथून आपल्याकडे यायला तीन तास. मी आकडे वाचत होते. अर्थमंत्री शेजारच्याच्या कानात काहीतरी बोलून हसले. मी कागद खाली ठेवला आणि आपल्या वडिलांबद्दल, पापांबद्दल, बोलायला लागले.

ठरवलं नव्हतं. मी म्हणाले, १९७३ च्या ऑगस्टमध्ये थिओफिल इपोलित नावाचा मच्छीमार आन्स काकोहून समुद्रात गेला आणि रात्री परतला नाही. लाँच निघाली ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. दुपारी त्याची नाव सापडली, उलटी. "तेव्हा सरकारला जाग यायला अकरा वाजले," मी म्हणाले, "आता तर तुम्ही लाँचच विकून मोकळे होताय. मी त्या माणसाची मुलगी आहे."

दादा, रेडिओने ते भाषण तीनदा लावलं. बाजारात उर्सुलमावशीने मासळीचे ओले हात माझ्या गालांना लावले आणि म्हणाली, "तीन वर्षं काय ते बडबडत होतीस, आज बोललीस." तिचे दोन्ही मुलगे समुद्रावर असतात. शुक्रवारी पंतप्रधानांनी विक्री थांबवली. फेरविचार करू म्हणाले. एकट्या माझ्या बोलण्याने काही थांबलं असं हे पहिल्यांदाच.

त्या भाषणाची कॅसेट तुमच्याकडे पोचलीय असं ऐकलं. ती तुझ्या हाती पडण्याआधी हे पत्र मिळावं म्हणून लिहितेय. ती सकाळ मी थोडक्यात सांगितली. सभागृहात वेळ मोजून मिळतो. तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही.

सवड झाली तर दोन ओळी लिही.

तुझी,
फिल्डा


आन्स काको,
२ एप्रिल २००३

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही. रविवारी फोन केला तर वहिनी म्हणाल्या, तू कामावर गेलायस. मागे तुझा खोकला ऐकू आला. असो. औषध घे.

कथबर्ट शार्लेरी आठवतो ना? तुझ्या वर्गातला, चेंडू इतका जोरात टाकायचा की मास्तर लांब उभे राहायचे. तो आता गृहमंत्री आहे. काल चहाच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसला.

"चहा घेतलास का, फिल्डा?"

"तू चहा विचारतोयस म्हणजे काहीतरी वाईट आहे."

त्याने खिशातून एक कागद काढला. पोलीस ठाण्याच्या जुन्या नोंदवहीच्या पानाची नक्कल. रविवार, सकाळी नऊ चाळीस. लेनार्ड इपोलित, वय अठरा, याने वडील कालपासून परतले नसल्याची खबर दिली. त्याखाली, अकरा वाजता लाँच रवाना.

"ऐंशी मिनिटं," कथबर्ट म्हणाला. "माणसं गोळा करून इंजीन चालू करायलाच तेव्हा तासभर जायचा. त्यांनी उशीर केला नाही. खबरच उशिरा आली."

"आणि तू हे सभागृहात वाचणार."

"मला वाचायचं नाहीये. लेनार्डबरोबर मी खेळलोय, तुमच्या घरी जेवलोय. पण मंत्रिमंडळाला लाँच विकायची आहे आणि तुझं भाषण आडवं आलंय. पंधरा तारखेला, मंगळवारी, चर्चा पुन्हा सुरू होईल. त्याआधी तू आपणहून उठून खुलासा केलास तर मला उठावं लागणार नाही. एवढंच मी माझ्या हातात ठेवलंय."

"आणि नाही केला तर?"

"तर मी नाव वाचीन," तो म्हणाला. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. कप तसाच ठेवून गेला.

दादा, ते पान माझ्यासाठी नवं नव्हतं. वेळ मला ठाऊक नव्हती, बाकी सगळं ठाऊक होतं. खडकांमधली वाट अंधारात दिसत नाही, म्हणून दिवेलागणीपासून कंदील घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं, आणि आठपर्यंत नाव आली नाही तर ठाण्यावर कळवायचं, हे काम पापांनी तुला दिलं होतं. तू रिव्हिएर-दोरे गावच्या सणाला नाचायला गेलास. पहाटे मागच्या दाराने आलास, बूट हातात घेऊन. तुला वाटलं पापा आत झोपलेत, म्हणून तूही झोपलास. नऊच्या सुमारास आईने तुला हलवून विचारलं, पापा कुठायत. मग तू ठाण्यापर्यंत पळत गेलास. मी अकरा वर्षांची होते, अंथरुणात जागी होते आणि मी सगळं पाहिलं.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सभागृहातही सांगितलं नाही. तिथे मी ते उत्तर द्यायला समोर नसलेल्या, केव्हाच मेलेल्या पोलिसांवर ढकललं, आणि ढकलताना मला ते खरंच वाटत होतं. बोलता बोलता असं होतं. पोरांना शिकवतच राहिले असते तर कदाचित झालं नसतं, पण मी दहाच वर्षांत शिक्षिकेची नोकरी सोडून राजकारणात आले.

त्या संध्याकाळी घरात काय झालं, आईने काय विचारलं, ते तू कधी विचारलं नाहीस. त्याबद्दल नंतर लिहीन.

आधी हे सांग, मंगळवारी मी काय करू? गप्प राहिले तर तुझं नाव अख्ख्या बेटावर वाजेल. बोलले तर लाँच जाईल. मला फोन कर. रागावलास तरी कर.

फिल्डा


आन्स काको,
१७ एप्रिल २००३

दादा,

तुझा फोन आला नाही. पत्र कदाचित मंगळवारपर्यंत पोचलंच नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

उद्या गुड फ्रायडे. शेजारी खारा मासा भिजत घातलाय, त्याचा वास इथपर्यंत येतोय. मी आज बाजारात गेले नाही. का ते पुढे लिहिते. आधी जे नंतर लिहीन म्हणाले होते ते.

त्या शनिवारी आई तापाने पडून होती. अंधार पडताना तिने मला हाक मारली आणि विचारलं, "फिल्डा, नाव आली का? दोघं दिसतायत का?" मी किनाऱ्यावर जाऊन पाहिलं होतं. नाव नव्हती, कंदील नव्हता, तू नव्हतास. तू नाचाला गेलायस हे मी ओळखलं. खरं सांगितलं असतं तर आई तशीच उठून कुणाला तरी तुझ्यामागे धाडणार, आणि पापा आले की तुला पट्ट्याने मारणार. मी म्हणाले, "हो आई, आलेत. नाव वर ओढतायत." ती म्हणाली, "बरं झालं," आणि तोंड भिंतीकडे करून झोपली.

तू मला तसं सांगायला सांगितलं नव्हतंस. कुणीच नव्हतं सांगितलं.

खरं बोलले असते तर त्या रात्री आठलाच माणसं ठाण्यावर गेली असती. त्याने पापा वाचले असते की नाही, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पण इतकी वर्षं ते ओझं तू एकट्याने उचललंस आणि मी पाहत राहिले.

मंगळवारी प्रश्नोत्तरं संपल्यावर मी सभापतींकडे वैयक्तिक खुलाशाची परवानगी मागितली. सभापतीबाई म्हणाल्या, "थोडक्यात, सन्माननीय सदस्य." कथबर्टच्या पुढ्यात फाइल होती. मी काय बोलले ते छापील वृत्तान्तातून उतरवून देते, म्हणजे कॅसेटची वाट पाहावी लागणार नाही:

"गेल्या महिन्यात मी या सभागृहाला सांगितलं की माझ्या वडिलांना शोधायला सरकारने उशीर केला. ते चूक होतं. खबर मिळाल्यावर त्या वेळच्या पोलिसांनी शक्य तितक्या लवकर लाँच काढली. उशीर आमच्या घरात झाला. माझ्या आईने मला विचारलं आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. त्या पोलिसांच्या कुटुंबीयांची मी माफी मागते. दक्षिण किनाऱ्याला लाँच लागते हे माझं म्हणणं मात्र कायम आहे."

तुझं नाव घेतलं नाही. हुतात्मा होऊन बोलायचं नव्हतं, की सगळं माझ्याच माथी घ्यायचं आणि टाळ्या मिळवायच्या. माझ्या वाट्याचं होतं तेवढंच सांगितलं. कथबर्टने फाइल उघडली नाही. उठून बाहेर गेला आणि मतदानापुरता परत आला.

दुपारी सोळा विरुद्ध एक. लाँच पुढच्या महिन्यात जाईल. मी वीस मिनिटं बोलले, गेल्या वर्षी हरवलेल्या दोन होड्यांबद्दल, माणसांच्या नावांनिशी, तारखांनिशी. सगळं खरं होतं. कुणी ऐकत नव्हतं. एकजण म्हणाला, "हेही उद्या मागे घेणार का बाई?" आणि ते पोट धरून हसले.

काल बाजारात उर्सुलमावशी माझ्याशी बोलली. ओरडली नाही. माशाचे खवले काढता काढता म्हणाली, "तुझं मन हलकं झालं, पोरी. आमची लाँच गेली." मी म्हणाले, मावशी, ते तसंही वाचून दाखवणार होते. ती म्हणाली, "मग ते त्यांचं तोंड झालं असतं. तू कशाला आपलं वापरलंस?" तिच्या मुलांचं काही बरंवाईट झालं तर मी तिच्या दारात कशी उभी राहू, हा विचार डोक्यातून जात नाही. पुढच्या बैठकीसाठी लाँचबद्दलचे चार प्रश्न लिहून दिलेत. प्रश्नाला अनुमोदन लागत नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र.

त्या रविवारी पोलीस घरी आले तेव्हा त्यांनी आईला विचारलं, रात्री तुम्हाला काही कळलं नाही का? आईने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मला ताप होता. मी झोपले होते." त्यानंतर मरेपर्यंत तिने तो विषय काढला नाही, आणि तुझ्याशी ती जवळजवळ बोललीच नाही. त्यालाच कंटाळून तू गेलास, तिच्या मातीलाही आला नाहीस. ती तुला दोष देते असं तू धरून चाललास, आणि मी तुला धरून चालू दिलं.

दादा, ती तुला दोष देत नव्हती. तुझ्याशी ती मोकळेपणी बोलली असती तर कधी ना कधी तिला माझं नाव घ्यावं लागलं असतं. तिने मला वाचवलं, आणि त्यासाठी तुला गमावलं. हे तिने मला शेवटच्या आजारात स्वतः सांगितलं. तेव्हा तुझा पत्ता माझ्याकडे होता. तेरा वर्षं झाली त्याला.

तुझी धाकटी बहीण,
जिने हे तुला सभागृहाच्या आधी सांगायला हवं होतं,
फिल्डा