ढब्बी आणि नवं कुरण

१२ ऑगस्ट, मंगळवार

दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल असं धरून चालते. माझं बरं चाललंय. लोकांची वासरं सांभाळायची ही नोकरी अजून टिकून आहे, हे वहिनीला मुद्दाम सांग. "ही भिंगरी कुठे वर्षभर टिकली तर मी नाव बदलीन," म्हणाली होती ना? नवं नाव शोधायला घ्या म्हणावं.

इथे गवत गुडघाभर झालंय. गुरांच्या डॉक्टरीणबाईंची मोटरसायकल आहे, ती चालू करायला तिघं लागतात. मी चालवून पाहिली. कुंपणात गेले. ते राहू दे.

तू माझ्या भरवशावर धाडलेल्या ढब्बी कालवडीचं विचारलंस. चरते. म्हणजे, चरायची.

त्याचं असं झालं. सगळ्या वासरांना जंतांचं औषध पाजलं आणि त्याच दिवशी नव्या कुरणात नेलं. पोट स्वच्छ, गवतही स्वच्छ. युक्ती माझीच. गोठ्याचे मालक म्हणाले, "पोरीचं डोकं चालतं हं!" मी आठवडाभर हवेत.

मग वासरं वाळायला लागली. ढब्बीच्या हनुवटीखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबायला लागली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक, अंगात रक्तच नसल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी शेण तपासलं. "अगं, वर्षानुवर्षं तेच औषध पाजताय. त्याला न मरणारे जंत तेवढे पोटात उरले, आणि त्यांचीच अंडी तू कोऱ्या कुरणात पेरून आलीस. आता पात्यापात्यावर तेच."

दुसरं औषध सुरू केलंय. पण मालकांनी दम भरलाय, "बाहेर ब्र काढायचा नाही. लोक वासरं पाठवायचं थांबवतील." आणि तुझी उरलेली चार रविवारी यायची आहेत. गाडीसुद्धा ठरलीय. फोनवर सांगायला जाते आणि पावसापाण्याचं बोलून ठेवून देते. म्हणून लिहितेय.

दादा, वासरं पाठवू नकोस. मालकांनी विचारलं तर खुशाल माझं नाव सांग. नोकरी जाईल. वहिनीचं नाव तेवढं वाचेल.

ढब्बी काल दुपारी गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन किती तरी वेळ बसले होते. पायाला मुंग्यासुद्धा आल्या नाहीत रे, इतकं हलकं झालं होतं.

बाकीची अजून उभी आहेत. ती चरायला लागेपर्यंत मी हलत नाही. हाकललं तर कुंपणाबाहेर बसेन.

तुझी,
या खेपेला न पळालेली
भिंगरी